रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी



बी.पी. आणि शुगरचे पेशंट आता वाडी-वस्तीवरही दिसतात. हे दुखणे तापासारखे नाही; पाच दिवस गोळ्या घेतल्या आणि सुटलो, असे त्यात होत नाही. गोळी रोज, आणि बहुधा जन्मभर. म्हणून पहिल्या चिठ्ठीपेक्षा पुढच्या महिन्याच्या गोळ्या वेळेवर आणणे हेच खरे काम, आणि गळीत सुरू झाले की नेमके तेच राहून जाते.

बऱ्याच घरांतली रीत अशी की, गोळ्या संपल्या की रिकामे पाकीट पोराच्या हाती द्यायचे आणि "हीच आण" म्हणायचे. दुकानदार ओळखीचा, तो देतो. कायदा मात्र वेगळा आहे. औषध नियम १९४५ मधील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवरचे औषध त्या चिठ्ठीवर एकदाच द्यायचे असते. पुन्हा द्यावे असे डॉक्टरने चिठ्ठीवरच लिहिले असेल तरच ते पुन्हा देता येते. किती वेळा, किती दिवसांनी हे लिहिले असेल तर तेवढेच. दुकानदाराने आपले नाव, पत्ता व तारीखही चिठ्ठीवर नोंदवायची असते. तेव्हा दवाखान्यातून उठण्यापूर्वी एवढेच म्हणावे, "साहेब, ह्या गोळ्या किती महिने चालवू? तेवढं कागदावर लिहून द्या." औषधाचे मूळ नावही लिहून घ्यावे. कंपनीचे नाव दुकानागणिक बदलते. ॲम्लोडिपिन मात्र बीडला तेच आणि बेळगावला तेच.

लिहून दिलेली मुदत संपली की माणसाने स्वतः जायचे. बी.पी. १४०/९० च्या खाली आहे का, डोस कमी-जास्त करायचा का, शुगरची तीन महिन्यांची सरासरी किती, मूत्रपिंड ठीक आहे का, हे पाकिटाकडे बघून कोणालाच कळत नाही. शेजाऱ्याच्या पाकिटातून चार गोळ्या उसन्या घेणे तर अजिबात नको. बियाणे नव्हे ते!

आता सरकारी दवाखान्याचे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसे लागत नाहीत, उपचारही मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात ह्या गोळ्या साधारण महिनाभराच्या मिळतात. डॉक्टरांनी एकदा गोळी ठरवून दिली की पुढच्या गोळ्या पुष्कळ ठिकाणी गावच्या उपकेंद्रातही मिळतात, आशाताईंना विचारावे. पाकिटात आठ गोळ्या उरल्या की निघावे, शेवटच्या गोळीची वाट पाहू नये. कधी साठा संपलेला असतो, कधी सुट्टी आडवी येते.

गोळी थांबली तर लगेच काय होते? बहुधा काहीच नाही, आणि तिथेच माणूस फसतो. ॲम्लोडिपिनचा अंमल गोळी थांबल्यावरही दोन-तीन दिवस रेंगाळतो. मग बी.पी. हळूहळू वर चढते, पण दुखत-खुपत काही नाही. "गोळीवाचून बरं चाललंय की," असे म्हणता म्हणता एखाद्या सकाळी तोंड वाकडे होते, हात उचलत नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसाला मोळी बांधता येत नाही आणि बैलही जुंपता येत नाहीत. एखाद्या दिवशी गोळी चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत, नेहमीची एकच घ्यावी.

सगळ्यांत मोठी अडचण डोंगरपट्ट्यातल्या तोडणी कामगारांची. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेले जोडपे पाडवा येईतो परतत नाही. पाच महिने म्हणजे दीडशे गोळ्या. एवढ्या कुणी एकदम देत नाही. त्यांनी निघण्यापूर्वी तपासणी करून ताजी चिठ्ठी घ्यावी व मुक्काम कुठल्या जिल्ह्यात आहे ते दवाखान्यात सांगावे. महाराष्ट्रात असतील तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच चिठ्ठीवर तपासून घेऊन गोळ्या मागता येतात. क्षयरोगाचे औषध चालू असेल तर ते किमान सहा महिने अखंड लागते. त्या रुग्णाने आपला निक्षय क्रमांक बरोबर न्यावा, म्हणजे उपचार नव्या गावी वर्ग करता येतात, कर्नाटकातही. मुकादमांनी उचल वाटताना टोळीत कुणाच्या गोळ्या चालू आहेत एवढे विचारले तर बरे.

चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि मोबाईलमध्ये तिचा फोटो काढून ठेवावा. कोपीत दव पडते, कागद टिकत नाही.