डाउनरिगर : गळ खोलवर नेणारं यंत्र

अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात उन्हाळ्यात सॅल्मन थंड, खोल पाण्यात उतरतो. चालत्या बोटीमागचा गळ मात्र वरवरच राहतो. तो खाली न्यायला डाउनरिगर लागतो. पोलादी तारेला साधारण साडेचार किलोचा गोळा, त्याच्या वर चिमटा आणि चिमट्यात गळाची दोरी. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते.

दोरी उगाच सुटत असेल, तर चिमटा घट्ट करा. मासा लागूनही सुटत नसेल, तर सैल. वेगात तार मागे तिरकी होते आणि गोळा यंत्राच्या खोलीमापकावर दिसतो त्यापेक्षा उथळ राहतो. मग वेग कमी करा किंवा जड गोळा लावा. तारेचे पीळ उसवलेले दिसले, तर तेवढा तुकडा कापून टाका. तार तुटली, की गोळा कायमचा तळाशी.