जयपूरच्या भाजीबाजारातील स्वस्ताई : कोणाचा लाभ, कोणाचा तोटा?

जयपूरची फळे व भाजीपाल्याची मोठी घाऊक बाजारपेठ शहराच्या दक्षिणेला, सांगानेरच्या बाजूस मुहाना येथे आहे. तेथील व्यवहार पहाटेच उरकू लागतात. उजाडल्यावर तोच माल हातगाड्यांवरून, टेम्पोंतून शहरभर पसरतो. काही माल मात्र या फेऱ्यात सापडतच नाही. चौमू, बस्सी, चाकसू या बाजूंच्या खेड्यांतील शेतकरी आपल्या शेतातील दोन-चार क्रेट भाजी घेऊन थेट शहरातील रस्त्याच्या कडेला बसतात. पोत्यावर वाटे लावतात आणि पहिल्या गिऱ्हाइकाची वाट पाहतात. आपल्याकडे जिला 'भवानी' म्हणतात, तिला तिकडे 'बोहनी' म्हणतात. तिच्याविषयीची श्रद्धा दोन्हीकडे सारखीच. पहिले गिऱ्हाईक सहसा परत पाठवले जात नाही, आणि घासाघिशीत मुरलेल्या गृहिणींना ही गोष्ट पक्की ठाऊक असते.

स्वस्त भाजी मिळण्याची दुसरी वेळ संध्याकाळची. दिवे लागले की किलोचा भाव मागे पडतो आणि 'ढेरी'चा, म्हणजे वाट्याचा, उक्ता भाव पुकारला जातो. सकाळी पाव किलोने तोलून दिलेली मेथी आता जुड्यांच्या ढिगाने जाते. शहरी ग्राहकाला ही पर्वणी वाटते. ढिगामागे बसलेल्या शेतकऱ्यासाठी मात्र तो दिवसभराच्या हिशेबाचा शेवटचा आकडा असतो, आणि तो बरा की वाईट हे एकट्या त्या आकड्यावरून कळत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याने 40 किलो टोमॅटो आणले. त्यांपैकी 30 किलो 20 रुपये दराने गेले, उरलेले 10 किलो संध्याकाळी 8 रुपयांनी फुंकावे लागले. एकूण 680 रुपये आले. सरासरी दर 17 रुपये पडला. हाच माल घाऊक बाजारात 12 रुपयांनी गेला असता तर 480 रुपये हाती आले असते, तेही आडत-हमाली धरण्यापूर्वी. म्हणजे संध्याकाळी पडलेला भाव पाहून कपाळावर हात मारण्याचे कारण नाही. पण वरकड मिळालेल्या 200 रुपयांत गाडीभाडे आणि माणसाचा संपूर्ण दिवस बसला पाहिजे, आणि 40 किलोंवर तो बसत नाही. चार शेतकऱ्यांनी मिळून एक गाडी केली, दोघे विक्रीला बसले व दोघे शेतावर राहिले, तर तोच व्यवहार परवडू लागतो. थेट विक्रीचा सल्ला देताना विस्तार कार्यकर्त्यांकडून हे गणित पुष्कळदा सुटते. दलाल वगळला की नफा आपोआप पदरात पडतो असे गृहीत धरले जाते. दलालाचे काम मात्र संपत नाही. ते शेतकऱ्याच्या अंगावर येते.

तरीही हे काम अंगावर घेण्यासारखे का आहे, हे रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून दिसते. ग्राहकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातील सुमारे 33 टक्के, कांद्यासाठी 36 टक्के व बटाट्यासाठी 37 टक्के एवढाच वाटा शेतकऱ्याकडे जातो. उरलेल्या दोन तृतीयांशांत वाहतूक आहे, नासाडी आहे, हाताळणी आहे आणि मध्यस्थांचा नफाही आहे. ग्राहकाला दोन रुपये स्वस्त आणि शेतकऱ्याला दोन रुपये जास्त, हे दोन्ही एकाच वेळी साधायचे असेल तर जागा तेथेच आहे. आंध्र प्रदेशात 1999 मध्ये सुरू झालेल्या रयतु बाजारांनी ही गोष्ट नियमातच बसवली : भाव घाऊक दरापेक्षा वर आणि किरकोळ दरापेक्षा खाली ठरवून फलकावर लिहायचा. पंजाबची 'अपनी मंडी' त्याहून बारा वर्षे आधीची. महाराष्ट्रात 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळल्यानंतर संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. जयपूरच्या रस्त्याकडेला बसणाऱ्या शेतकऱ्यापाशी असा फलक नसतो. त्याचा भाव गिऱ्हाइकाचा चेहरा आणि आभाळाचा रंग पाहून ठरतो.

स्वस्त आणि निकस

कोणता माल संध्याकाळी स्वस्त घ्यावा व कोणता घेऊ नये, हे जाणत्या ग्राहकाला अनुभवाने कळते. त्यामागचे शास्त्र उत्पादकालाही माहीत असायला हवे. जयपूर परिसरातील हिवाळी मटार हे त्याचे चांगले उदाहरण. तोडणीनंतर मटारातील साखरेचे पिष्टमय पदार्थात रूपांतर होऊ लागते. शेंग दिसायला हिरवीगार राहते, पण दाण्याची गोडी तासागणिक उतरते. म्हणून संध्याकाळचा स्वस्त मटार खरोखरच कमी किमतीचा असतो. कांदा, लाल भोपळा यांना एका दिवसाने काहीच फरक पडत नाही. तेथे शेतकऱ्याने भाव पाडण्याची घाई करू नये. माल झाकून दुसऱ्या दिवशी आणावा.

खरबुजाचे प्रकरण याहून नाजूक. उन्हाळ्यात जयपूरला टोंककडील बनास नदीच्या वाळूतली खरबुजे येतात. शिवाय या पिकाशी शहराचे संशोधनाचेही नाते आहे. जयपूरमधील दुर्गापुरा येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेला 'दुर्गापुरा मधू' हा वाण लहान आकाराचा, फिकट हिरव्या गराचा व अतिशय गोड म्हणून ओळखला जातो. खरबुजात पिष्टमय पदार्थांचा साठा नसतो. त्यामुळे वेलीवरून तोडल्यानंतर त्यातील साखर वाढत नाही. फळ मऊ होते, वास सुटतो, एवढेच. केळी किंवा आंब्याप्रमाणे ते घरी आणून 'पिकवता' येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला चढा भाव गाठण्यासाठी कच्चे तोडलेले खरबूज स्वस्तात मिळाले तरी ते महागच, कारण तोंड बेचव झालेला ग्राहक पुढचे पंधरा दिवस खरबुजाकडे पाहत नाही. देठाजवळ बारीक भेग पडून फळ हलक्या हाताने सुटू लागले की तोडावे, हा नियम पाळणाऱ्या उत्पादकाला बाजारात घासाघीस कमी करावी लागते.

विटा, वाळू आणि पाणी

संध्याकाळच्या घसरणीवर एक स्वस्त उपाय आहे आणि जयपूरची कोरडी हवा त्याला फार मानवते. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणजे विटांच्या दोन भिंती आणि त्यांमधील सुमारे साडेसात सेंटिमीटर फटीत भरलेली नदीची वाळू. सकाळ-संध्याकाळ विटा व वाळू पाण्याने भिजवायची, वर गवताचे किंवा वाळ्याचे झाकण ठेवायचे आणि कक्ष सावलीत बांधायचा. पाण्याच्या बाष्पीभवनाने आतील तापमान ऐन उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंश सेल्सिअसने उतरू शकते व आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास राहते. वीज लागत नाही. न विकलेली पालेभाजी रात्रभर टवटवीत राहिली तर शेतकऱ्याला संध्याकाळी मिळेल त्या भावाला मान तुकवावी लागत नाही. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा व विदर्भ येथील कोरड्या उन्हाळ्यातही हा कक्ष चांगले काम करतो. कोकणच्या दमट हवेत मात्र बाष्पीभवनच मंद असल्याने फारशी अपेक्षा ठेवू नये.

राजस्थानचा आणखी जुना उपाय उन्हाचा आहे. खेजडीच्या कोवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी, तसेच केर, गवार, काचरी ही सारी हंगामात वाळवून वर्षभर विकली जातात. वाळवणाचा चढा भाव पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. टोमॅटोसारख्या मालात सुमारे 94 टक्के पाणीच असते आणि ते उडून गेल्यावर हाती उरणाऱ्या मूठभर चकत्यांवर भाव काढावा लागतो. काचरीचे तसे नाही. ती पावसाळ्यात बाजरीच्या शेतात आपोआप उगवणारी लहानशी आंबट काकडी. पूर्वी तण म्हणून उपटली जाई, आता बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेने 'एएचके-119' व 'एएचके-200' असे तिचे निवड वाण दिले आहेत. बाजारात संध्याकाळी मेथी-पालकाचे ढीग उक्ते जात असतात, तेव्हा वाळलेल्या काचरीची टोपली घेऊन बसलेली बाई मात्र सकाळचाच भाव सांगते. गिऱ्हाईक पुढे गेले तर जाऊ देते आणि टोपलीवर फडके ओढून घेते.