पाहुणे आले की हात जास्त का थरथरतो?

“घरात ठीक असतात हो. पाहुणे आले किंवा बँकेत सही करायची वेळ आली की हात सुरू! मनाचंच आहे ते.” कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स झालेल्या माणसाबद्दल असं सर्रास बोललं जातं, बहुधा त्याच्यासमोरच.

ताणाने कंप वाढतो हे खरं, पण तो ‘मनाचा’ नसतो. न्यूरॉलॉजिस्ट तपासताना मुद्दाम शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. मांडीवर निवांत ठेवलेला हात तेवढ्यानेही हलू लागतो. ताण आला की मेंदूच्या खोडातल्या ‘लोकस सेरुलियस’ या इवल्याशा केंद्रातून नॉरअॅड्रेनलिन स्रवतं, नाडी वाढते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. सावध करणारी ही यंत्रणा कंपाच्या चक्रातल्या ‘थॅलॅमस’ या मेंदूच्या भागालाही चेतवते, असं नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या संशोधकांना मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं. अशा वेळी लेव्होडोपा या आजारावरच्या मुख्य गोळीचा कंपावरचा परिणामही कमी पडतो. म्हणून ‘गोळी चुकवली असेल’ हा संशय अनेकदा निराधार असतो, आणि स्वतःच्या मनाने डोस वाढवणं तर चुकीचंच.

दुसरा गैरसमज जास्त बोचरा. “त्या दिवशी धूर दिसला तर कसे पटापट बाहेर आले! मनात आणलं तर चालता येतं.” असं अचानक चालता येणं खरं आहे, त्याला ‘कायनेशिया पॅराडॉक्सा’ म्हणतात. इटलीतल्या लाक्विला इथे २००९ साली भूकंप झाला, तेव्हा एरवी कष्टाने हालचाल करणारे काही रुग्ण स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडले. आपणहून हालचाल सुरू करायला लागणारी, डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर चालणारी वाट अडलेली असते. बाहेरून आलेल्या जोरदार इशाऱ्याला मेंदू बहुधा वेगळ्या वाटेने प्रतिसाद देतो. ही वाट मागाल तेव्हा उघडत नाही. इच्छाशक्तीशी तिचा संबंध जोडणं हा रुग्णावर अन्यायच.

उलट, रोजच्या ताणात बहुतेकदा पाय जमिनीला चिकटतात. कॅनडात एका प्रयोगात रुग्णांना आभासी दृश्यात एका फळीवरून चालवलं. फळी जमिनीवर होती तेव्हाच्या तुलनेत खोल खड्ड्यावर असताना पाय जास्त वेळा अडले. आपल्याकडे ती फळी म्हणजे बंद होत आलेलं लिफ्टचं दार, वाजणारा फोन, हॉर्न देणारी रिक्षा. मागून “चला, लवकर” म्हणणाऱ्याने चिकटलेला पाय सुटत नाही, ताण मात्र वाढतो. त्यापेक्षा थांबावं, श्वास घ्यावा, वजन एका पायावर घ्यावं आणि ‘एक-दोन’ मोजत किंवा फरशीची रेघ ओलांडायची आहे असं समजून पाऊल टाकावं.

“आजार नोकरीच्या ताणानेच झाला” असंही म्हणतात. तसा ठोस पुरावा नाही. कंप दिसतो तोवर डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो. ताणाने बहुधा लपलेलं लक्षण उघड होतं.

आणि धास्ती ही केवळ आजार कळल्याची प्रतिक्रिया नव्हे. ती आजाराचाच भाग असू शकते, काहींना निदानाच्या कित्येक वर्षं आधीपासून असते. गोळीचा असर उतरताना काहींना एकाएकी घाबरल्यासारखं होतं आणि पुढच्या गोळीने बरं वाटतं. हे रोज ठरावीक वेळी होत असेल, तर गोळीच्या आणि घाबरण्याच्या वेळा आठवडाभर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात. उपाय कधी कधी गोळ्यांच्या वेळा बदलण्यातच असतो.