सायलेन्सरच्या पोटातलं पाणी

बाबांची गाडी म्हणजे जपलेली गाडी. आठ वर्षांत जेमतेम अठरा हजार किलोमीटर. घर ते बाजारपेठ, बाजारपेठ ते घर. चिपळूणच्या पावसातही ती शेडखाली, अंगावर कव्हर घेऊन उभी. त्यामुळे गेल्या जूनमध्ये ती ट्रॅक्टरसारखी घुमायला लागली, तेव्हा बाबांना तो स्वतःचाच अपमान वाटला.

"एक ओरखडा नाही हिच्यावर," गॅरेजमध्ये त्यांनी दोनदा ऐकवलं.

"वरून नाही, काका," मिस्त्री म्हणाले.

गाडी खड्ड्यावर घेतली आणि मीही मिस्त्रींच्या मागे खाली उतरलो. इंजिनपासून मागच्या बंपरपर्यंत गेलेली नळी पहिल्यांदाच अशी सलग दिसत होती. इंजिन चालू ठेवून मिस्त्रींनी पोऱ्याला ओल्या फडक्याने नळीचं तोंड क्षणभर दाबायला सांगितलं. लगेच मधल्या जोडापाशी फुस्स आवाज आला. तिथे काजळीचा पंख्यासारखा डाग होता. "गळतं तिथं धूर सही करून जातो," मिस्त्री म्हणाले.

मग इंजिन बंद करून, नळी निवल्यावर, त्यांनी मागच्या डब्याच्या तळाला स्क्रूड्रायव्हर टेकवला. टेकवलाच फक्त. तो मुठीपर्यंत आत गेला आणि तांबूस पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळलं.

"पावसाचं?" मी विचारलं.

"पेट्रोलचं."

मला ते पटेना; पण हिशेब सोपा आहे. पेट्रोलमध्ये कार्बन आणि हायड्रोजन असतो. जळताना हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. नळी तापलेली असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. दोन किलोमीटरच्या फेरीत मात्र मागचा डबा तापतच नाही. वाफेचं आतच पाणी होतं, धुरातले वायू त्यात विरघळून ते आंबट होतं आणि डब्याच्या तळाशी मुक्काम करतं. डब्याला बारीक भोक ठेवलेलं असतं, पण रोजच्या रोज भर पडत राहिली तर ते पुरत नाही. वरून रंग शाबूत असताना पत्रा आतून खाल्ला जातो.

जुना डबा उतरवून पोऱ्याने तो ग्राइंडरने कापला. आत भोकं पाडलेल्या नळ्या, मध्ये आडव्या भिंती आणि गंजाचा चिखल. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला साठाहून अधिक धक्के या नळीत येतात. डब्याच्या कप्प्यांत त्यांच्या लाटा भिंतींवर आपटून परततात, एकमेकींना मारतात. बाहेर येतो तो उरलेला आवाज. आमच्या डब्यातली एक भिंत सुटून आडवी झाली होती.

मिस्त्रींना डब्याहून मधल्या जोडाची जास्त काळजी वाटत होती, कारण तो बरोबर सीटच्या खाली येतो. इंजिनाजवळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा तो कार्बन डायऑक्साइड करतो, पण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे गाडी सुरू करून लगेच बाजारात पोचणाऱ्या बाबांच्या खाली बराचसा कच्चाच धूर गळत होता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. बाजारातून आल्यावर डोकं जड होतं, असं बाबा दोन महिने म्हणत होते. आम्ही ते वयावर ढकललं होतं.

जोडाचं गॅस्केट बदललं, नवा डबा बसवला. नळी टांगणारे रबर तडकले होते, तेही बदलले. ते तुटले की सगळा भार जोडांवर येतो. वेल्डिंगला हात घालण्याआधी मिस्त्रींनी बॅटरीची वायर काढली, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर जळायचा. कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने टकटक केलं. आतून खडखड आली असती तर जाळी फुटलेली. "हा शाबूत आहे. पण प्लग वेळेवर बदला. प्लग चुकला की न जळलेलं पेट्रोल इथं येऊन जळतं आणि जाळी वितळते. डब्याच्या कितीतरी पट खर्च."

निघताना बाबांनी विचारलं, "आता काय जपायचं?"

"जपू नका. आठवड्यातून एकदा तापवा. उभ्या उभ्या नाही हां, चालवून."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी बाबा कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला, पोफळीपर्यंत जाऊन येतात. आई थर्मास घेऊन सोबत असते. परत आले की आधी गाडीच्या मागे वाकतात. गाडी बाहेर काढताना थेंब टाकणारं नळीचं तोंड आता कोरडं असतं. ते बघूनच घरात येतात. शेडमधलं कव्हर मात्र अजून घालतात.