एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी दिवंगत झालेल्या ऐतिहासिक व्यक्ती : स्मरणाची साधने

प्रस्तावना :

परभणी-जिंतूर मार्गावरील बोरी व तिच्या आसपासचा प्रदेश संतस्मरणाच्या परंपरेने समृद्ध आहे. गंगाखेडच्या जनाबाई, नरसीचे नामदेव यांचे स्मरण अभंग, दिंडी व वारी यांच्या द्वारे शतकानुशतके अखंड राहिले. राजकीय क्षेत्रातील व्यक्तींच्या वाट्याला मात्र अशी अखंड परंपरा सहसा येत नाही. त्यांची स्मृती कागदपत्रे, वास्तू, पोवाडे आणि पुष्कळदा शत्रुपक्षाचे वृत्तांत यांवर अवलंबून राहते. इ. स. १८०० ते १८३२ हा मराठी सत्तेच्या अस्ताचा काळ होय. या काळात निधन पावलेल्या काही व्यक्तींचे स्मरण कोणत्या साधनांमुळे टिकले, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कालनिर्णयाचा प्रश्न :

पुण्यतिथी पाळावयाची तर प्रथम तिथी निश्चित व्हावी लागते. तत्कालीन कागदपत्रांत शालिवाहन शक, सुहूर सन, हिजरी व फसली अशा निरनिराळ्या कालगणना आढळतात. शकात ७८ मिळविल्यास इसवी सन येतो; परंतु जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. सुहूर सन मृगाच्या आरंभी, म्हणजे जूनमध्ये बदलतो, म्हणून त्यात महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळवितात. नाना फडणवीस यांचे निधन १३ मार्च १८०० रोजी झाले. हा दिवस शके १७२१ मध्ये व सुहूर सन १२०० मध्ये येतो. हा भेद ध्यानात न घेतल्यास एका वर्षाची चूक सहज होते.

कागद व वास्तू यांतून टिकलेले स्मरण :

नाना फडणवीस यांचे स्मरण प्रामुख्याने लेखणीमुळे राहिले. त्यांनी लिहिलेले छोटे आत्मचरित्र, त्यांचा विपुल पत्रव्यवहार, वाईजवळील मेणवलीचा वाडा व घाट आणि पुण्यातील बेलबाग ही त्यांच्या स्मृतीची ठळक साधने होत. त्यांच्या मृत्यूनंतर पुणे दरबारात सर्वांना बांधून ठेवणारा पुरुष उरला नाही. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकर यांना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकर यांनी हडपसरच्या लढाईत पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली.

यशवंतराव होळकर २८ ऑक्टोबर १८११ रोजी माळव्यातील भानपुरा येथे मरण पावले. तेथील छत्री हे त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या पश्चात कारभार पाहणाऱ्या तुळसाबाई यांचा मात्र डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईपूर्वी क्षिप्रेच्या काठी त्यांच्याच पक्षातील लोकांनी वध केला. त्यांच्याविषयीची माहिती बव्हंशी जॉन माल्कम यांच्यासारख्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनातून मिळते. त्यांची बाजू सांगणारी लेखणी त्यांच्या वाट्याला आली नाही, हे त्यांचे चरित्र वाचताना विसरता येत नाही.

रणभूमी आणि अनामिक मृत :

बोरीपासून फार दूर नसलेल्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. या लढाईत इंग्रजांच्या बाजूचे चारशेहून अधिक लोक ठार झाले. कंपनी सरकारने काही पलटणींना सन्माननिशाणे दिली. त्यांच्या चिन्हांत हत्ती व असईचे नाव आले. तोफांच्या शेजारी अखेरपर्यंत लढून मेलेल्या शिंद्यांच्या गोलंदाजांची नावे मात्र इतिहासात जवळजवळ नाहीत. एकाच दिवशी, एकाच माळावर पडलेल्या माणसांच्या स्मरणात एवढे अंतर पडले, याचे कारण शौर्यातील भेद नव्हे. नोंद ठेवणारी व्यवस्था कोणाजवळ होती, हे होय.

बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टी येथे धारातीर्थी पडले. ही आष्टी सोलापूर जिल्ह्यातील होय. बीड जिल्ह्यातही आष्टी हे तालुक्याचे गाव असल्याने मराठवाड्यातील वाचकांचा येथे घोटाळा होण्याचा संभव असतो. याच लढाईनंतर छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या ताब्यात गेले.

मराठवाड्याची स्थिती :

हा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता व सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिला. निजाम अली खान ६ ऑगस्ट १८०३ रोजी मरण पावला. त्याचे दफन हैदराबादच्या मक्का मशिदीत आहे. त्याने १७९८ व १८०० मध्ये केलेल्या तहांमुळे इंग्रजांची फौज येथे स्थिरावली. जानेवारी १८१९ मध्ये नोव्हाच्या किल्ल्यात नोवसाजी नाईक यांच्या हटकरांनी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामी फौजेशी झुंज दिली. किल्ल्यातील बहुतेक शिबंदी मारली गेली. राज्यकर्त्यांचे दफनस्थान सर्वज्ञात आहे. या शिबंदीतील माणसांची नावेही आज सांगता येत नाहीत.

शाहिरी वाङ्मय व शत्रूची साक्ष :

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी १८१९ मध्ये निवर्तले. ज्यांच्या घरी दप्तर नव्हते अशा लोकांपर्यंत इतिहास पोहोचविण्याचे कार्य शाहिरांनी केले. सवाई माधवरावांच्या मृत्यूवर फंदींनी ‘श्रीमाधवनिधन’ हे काव्य रचले. मौखिक रचना गायकासोबत लोप पावण्याचा धोका असतो. अॅकवर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला म्हणून हे धन बऱ्याच अंशी वाचले.

उमाजी नाईक यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आले. त्यांची सविस्तर हकिकत प्रथम लिहिली ती त्यांच्या बंदोबस्ताशी संबंधित इंग्रज अधिकारी कॅप्टन मॅकिंटॉश याने, १८३३ मध्ये. शत्रूच्या लेखनात निंदा असते, तशी अनाहूत कबुलीही असते. त्यामुळे असे वृत्तांत टाकून न देता पारखून वाचणे आवश्यक ठरते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, स्मरण हे केवळ कर्तृत्वाच्या प्रमाणात टिकत नाही. साधनांच्या प्रमाणात टिकते. दप्तर असलेल्यांचे चरित्र झाले, छत्री असलेल्यांचे स्थान राहिले, पोवाडा असलेल्यांचे नाव उरले. उरलेल्यांची केवळ संख्या राहिली. मराठवाड्यातील देशमुख, देशपांडे व कुलकर्णी घराण्यांच्या जुन्या वाड्यांत मोडी लिपीतील कागद आजही सापडतात. वाळवी, ओल आणि वाचकांचा अभाव यांमुळे ते नष्ट होत आहेत. गावोगावच्या वीरगळांचीही तीच अवस्था आहे. मोडी वाचणारे विद्यार्थी तयार करणे, कागदांची नोंद व छायाचित्रण करणे आणि वृद्धांकडून स्थानिक आख्यायिका टिपून त्या कागदांशी ताडून पाहणे, ही कामे ग्रामीण महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहेत. जयंती-पुण्यतिथीच्या पुष्पहाराइतकीच ही कामेही स्मरणाचाच भाग होत. कारण जे नाव कागदावरून एकदा पुसले गेले, त्याला हार घालण्यासाठी पुढे कोणी उभे राहू शकत नाही.