व्यायामाची तीव्रता

व्यायामाची तीव्रता : चालणे, धावणे, पोहणे, सायकल चालविणे यांसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या व्यायामात हृदय, फुप्फुसे व रक्ताभिसरण यांवर पडणारा भार त्या व्यक्तीच्या कमाल क्षमतेच्या मानाने किती आहे, हे दर्शविणारे प्रमाण. व्यायामाचा प्रकार, त्याचा कालावधी आणि आठवड्यातील वारंवारता ही तीन अंगे सहज सांगता व पाळता येतात. तीव्रता हे चौथे अंग मात्र तसे नाही. एकाच वेगाने शेजारी शेजारी धावणाऱ्या दोघांपैकी एकाला तो वेग सौम्य, तर दुसऱ्याला जीवावर बेतणारा असू शकतो. म्हणून तीव्रता ही वेगात किंवा अंतरात सांगणे अपुरे असून ती नेहमी त्या व्यक्तीच्या क्षमतेच्या संदर्भात सांगावी लागते.

स्नायूंचे काम वाढले की त्यांची ऑक्सिजनाची गरज वाढते. ती भागविण्यासाठी हृदयाचे ठोके जलद होतात व प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्तही काही मर्यादेपर्यंत वाढते. वेग वाढवीत नेल्यास अशी एक अवस्था येते की, त्यानंतर शरीराला अधिक ऑक्सिजन वापरता येत नाही. या कमाल ऑक्सिजन-ग्रहणाची कल्पना ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक आर्किबल्ड व्हिव्हियन हिल यांनी १९२० नंतरच्या दशकात धावणाऱ्यांवरील प्रयोगांतून मांडली. या कमाल मर्यादेच्या बरेच अलीकडे आणखी एक उंबरठा असतो. त्याच्या खाली स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक अम्लाचा निचरा होत राहतो. त्याच्या वर ते साचू लागते, श्वास एकाएकी जड होतो आणि काही मिनिटांत पाय उचलेनासे होतात. या उंबरठ्याखालच्या दीर्घ व्यायामानेही स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात आणि हृदयाचा प्रत्येक ठोका अधिक रक्त ढकलू लागतो. शिवाय थकवा थोडा येत असल्याने तो व्यायाम दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतो. दम लागेपर्यंत धावले नाही तर व्यायाम झालाच नाही, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

मोजमाप : प्रयोगशाळेबाहेर तीव्रतेचे सर्वांत सोयीचे माप म्हणजे नाडी. थांबताक्षणी मनगटावर बोटे ठेवून १५ सेकंदांतील ठोके मोजावे व त्यांस चाराने गुणावे. उशीर केल्यास आकडा फसवा येतो, कारण विश्रांतीत नाडी झपाट्याने उतरते. हल्ली मनगटी घड्याळे प्रकाशाच्या साहाय्याने नाडी दाखवितात. परंतु हात जोरात हलत असताना किंवा पट्टा सैल असताना त्यांचे वाचन चुकते.

कमाल नाडीसाठी २२० मधून वय वजा करण्याची रीत सर्वत्र प्रचलित आहे. १९७१ च्या सुमारास अमेरिकन संशोधकांनी आधीच्या काही अभ्यासांतील आकडे एकत्र मांडून अंदाजाने काढलेली ती रेषा होती. स्वतंत्र प्रयोगांतून सिद्ध झालेला तो नियम नव्हे. २००१ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणावरून वयाच्या ०·७ पट संख्या २०८ मधून वजा करावी, असे सुचविण्यात आले. तरुणांत पहिले सूत्र थोडा अधिक आणि उतारवयात थोडा कमी आकडा देते. दोन्ही सूत्रे समूहाची सरासरी सांगतात. एखाद्या व्यक्तीची खरी कमाल नाडी त्या सरासरीहून दहा-बारा ठोक्यांनी वर किंवा खाली असणे अगदी सामान्य आहे, ही गोष्ट सूत्र सांगताना बहुधा गाळली जाते.

फिनलंडचे मार्टी कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये विश्रांतीची नाडी हिशेबात घेणारी पद्धत मांडली. कमाल नाडीतून विश्रांतीची नाडी वजा केली की नाडीची राखीव मर्यादा मिळते. तिचा ठराविक हिस्सा विश्रांतीच्या नाडीत मिळविला की इष्ट नाडी मिळते. उदा., २२ वर्षांच्या, विश्रांतीत ६४ ठोके असलेल्या तरुणाची कमाल नाडी १९८ धरल्यास राखीव मर्यादा १३४ येते. तिचा ४० टक्के हिस्सा धरून ११८, ६० टक्के धरून १४४ आणि ८५ टक्के धरून १७८ ठोके येतात. सामान्यतः ४० ते ५९ टक्के ही मध्यम आणि ६० ते ८९ टक्के ही जोरदार तीव्रता मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायामाची शिफारस केली आहे.

नाडीखेरीज स्वतःला जाणवणारा श्रम हेही माप ग्राह्य आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी ६ ते २० अशी श्रमजाणिवेची श्रेणी तयार केली. निरोगी तरुणाने सांगितलेल्या अंकास दहाने गुणले असता त्याची नाडी अंदाजे मिळावी, अशी तिची रचना आहे. याहूनही सोपी कसोटी बोलण्याची होय. चालता-धावताना सलग वाक्ये बोलता येतात पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम तीव्रता; दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ती जोरदार. प्राचीन आयुर्वेदाने याच खुणेचा आधार घेतला होता, हे लक्षणीय आहे. सुश्रुतसंहितेत व्यायाम आपल्या बळाच्या निम्म्याने करावा असे सांगून, हृदयस्थानचा वायू तोंडावाटे येऊ लागणे हे अर्धे बळ खर्च झाल्याचे लक्षण दिले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात अर्ध्या शक्तीचा हा नियम थंडीच्या काळापुरता व वसंतापुरता ठेवून इतर ऋतूंत व्यायाम सौम्यच करावा, असे म्हटले आहे. ऋतूचा हा विचार आधुनिक सूत्रांत येत नाही.

वनजिल्ह्यांतील संदर्भ : महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत (गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला) हा विषय केवळ आरोग्याचा नसून उपजीविकेचाही आहे. वैनगंगेच्या काठचे वडसा (देसाईगंज) हे तालुक्याचे ठिकाण, रेल्वेस्थानक आणि वन विभागाचे मुख्यालय आहे. पोलीस व वनरक्षक यांची भरती ही या भागातील तरुण-तरुणींच्या दृष्टीने स्थिर नोकरीची मोठी वाट असल्याने पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारे उमेदवार येथे नित्याचेच. त्यांना द्याव्या लागणाऱ्या चाचण्या तीव्रतेच्या दृष्टीने एकमेकींहून फार भिन्न आहेत. पोलीस भरतीत पुरुषांना १,६०० मी. व स्त्रियांना ८०० मी. धावावे लागते, हे अंतर काही मिनिटांत संपते आणि ते जवळजवळ कमाल क्षमतेने कापले जाते. वनरक्षक भरतीत पुरुषांसाठी ५ किमी. अंतर ३० मिनिटांत व स्त्रियांसाठी ३ किमी. अंतर २५ मिनिटांत धावण्याची चाचणी असते. त्यानंतर चालण्याची चाचणी असते. तीत पुरुषांनी २५ किमी. व स्त्रियांनी १६ किमी. अंतर चार तासांत पार करावयाचे असते.

या आकड्यांचा अर्थ लावता येतो. ताशी १० किमी. वेगाने धावण्यास विश्रांतीच्या सुमारे दहापट ऊर्जा लागते. ताशी सव्वासहा किमी. चालण्यास चार ते पाच पट. पहिले काम बहुतेकांसाठी जोरदार, तर दुसरे तयारीच्या तरुणासाठी मध्यम असले, तरी ते चार तास चालू ठेवावयाचे असते. पाहावे तो उमेदवार मात्र रोज सकाळी १,६०० मीटर पूर्ण ताकदीने धावतो आणि कालच्या वेळेशी आजची वेळ ताडून पाहतो. ही परीक्षेची पुनरावृत्ती झाली, तिला तयारी म्हणता येत नाही. लांब पल्ल्याच्या निष्णात धावपटूंच्या सरावाचे अभ्यास असे दाखवितात की, त्यांचा सुमारे चार पंचमांश सराव सौम्य तीव्रतेचा असतो व उरलेलाच खरोखर तीव्र असतो. उमेदवारानेही आठवड्यातील बहुतेक दिवस बोलता येईल अशा वेगाने दीर्घकाळ धावावे किंवा झपझप चालावे. एक किंवा दोन दिवस, मधे पुरेशी विश्रांती ठेवून, वेगाचे काम करावे. जाहिरात निघाल्यावर उरलेल्या काही आठवड्यांत वर्षाची कसर भरून काढण्याचा मोह मोठा असतो आणि घोट्याच्या, नडगीच्या दुखापती बहुधा त्याच काळात होतात.

उष्णता व आजार : वडशापासून जवळच असलेल्या ब्रह्मपुरीचे नाव देशातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत वारंवार येते, मे महिन्यात पारा ४५° से.च्या वर जाणे या परिसरात नवे नाही. उष्ण हवेत त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते, घामाने रक्तातील पाणी घटते आणि हृदयाला प्रत्येक ठोक्यास कमी रक्त मिळते; परिणामी वेग तोच असूनही नाडी हळूहळू चढत जाते. पावसाळ्याच्या आरंभी हवा दमट झाली की घाम वाळत नाही आणि तापमान उतरूनही शरीर थंड होत नाही. अशा वेळी थंडीतला वेग गाठण्याचा हट्ट सोडून नाडी किंवा श्वास यांना प्रमाण मानावे व वेग आपोआप कमी होऊ द्यावा. उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात. बोलण्यात असंबद्धता, तोल जाणे किंवा बेशुद्धी ही उष्माघाताची चिन्हे होत. अशा व्यक्तीस तत्काळ सावलीत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे आणि त्याबरोबरच रुग्णालयाची व्यवस्था करावी.

विदर्भाच्या या भागात दात्र-कोशिका रोग (सिकलसेल) आढळतो. रोग्याने वैद्यकीय सल्ल्याखेरीज तीव्र व्यायाम करू नये, हे उघड आहे. वाहकाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण एकाच बाजूने दोष आलेला वाहक एरवी पूर्ण निरोगी असतो आणि पुष्कळदा त्याला आपली स्थिती माहीतही नसते. अमेरिकी सैन्यातील कृष्णवर्णीय रिक्रुटांच्या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वाहकांमध्ये श्रमकाळातील आकस्मिक मृत्यूचे प्रमाण कितीतरी पट अधिक आढळले होते. उलट, पाणी, विश्रांती व उष्णतेपासून बचाव यांचे नियम सर्वांनाच लागू झाल्यानंतरच्या काळातील सैनिकांचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांच्या मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले नाही, मात्र स्नायुविघटनाचा धोका सुमारे दीडपट राहिला. यावरून वाहकाला मैदानाबाहेर ठेवण्याचे कारण नाही. त्याचा भार हळूहळू वाढविणे आणि पाय एकाएकी निःशक्त झाले, तर त्यास आळशी न ठरविता लगेच थांबविणे आवश्यक ठरते. रक्तक्षय असणाऱ्यांची नाडी थोड्या श्रमानेही वर जाते. नियमित सरावानंतरही ती उतरत नसेल, तर वेग वाढविण्याआधी रक्ततपासणी करावी. गडचिरोली हा राज्यातील हिवतापाचा प्रमुख जिल्हा असल्याने तापातून उठलेल्याने विश्रांतीची नाडी पूर्ववत झाल्याखेरीज धावू नये. रक्तदाबावरील काही औषधे नाडी दाबून ठेवतात. ती घेणाऱ्यांस वरील सूत्रे लागू पडत नाहीत व त्यांनी बोलण्याच्या कसोटीवरच विसंबावे. वयस्क व्यक्तीस मिनिटाला सुमारे शंभर पावले ही मध्यम तीव्रतेची ढोबळ खूण पुरते.

शेतीच्या व जंगलाच्या कामांना ही मापे जशीच्या तशी लावणे मात्र बरोबर नाही. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून चिखलात काम करणाऱ्या स्त्रीची नाडी बरीच चढलेली असते. पण ती काही अंशी आखडलेल्या अवस्थेमुळे व उन्हामुळे, आणि तेवढ्या प्रमाणात ऑक्सिजनाचा वापर वाढलेला नसतो. मे महिन्यात पहाटेपासून तेंदूपाने तोडून ती डोक्यावरून आणणाऱ्यांचीही हीच गोष्ट. अशा माणसांना त्या हंगामात निराळ्या व्यायामाची गरज नसते. त्यांना पाणी, सावली आणि मधली विश्रांती मिळाली पाहिजे. हंगाम संपल्यावर भरतीची तयारी करू इच्छिणाऱ्या त्यांच्या मुलामुलींनीही पहिले दोन-तीन आठवडे चालण्यापासूनच सुरुवात करावी.