जुनी मोटार घेताना : अँबॅसिडर आणि पद्मिनी

जुनी मोटार विकणारा मनुष्य बहुधा इंजिनाची ताकद आधी सांगतो. परंतु केवळ त्या आकड्यावर किंमत ठरविली तर हिशेब चुकतो. अँबॅसिडर व प्रीमिअर पद्मिनी यांची तुलना केली असता हे सहज ध्यानात येते.

अँबॅसिडर ही बंगालमधील उत्तरपाड्याची; मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पद्मिनी मुंबईच्या कुर्ल्याची. मूळ इटलीची फियाट ११००. तिचेही उत्पादन कधीच बंद झाले. म्हणजे आता दोन्ही मोटारी जुन्या बाजारातच मिळावयाच्या.

अँबॅसिडरचे जुने पेट्रोल इंजिन १४८९ सी.सी.चे व सुमारे ५० अश्वशक्तीचे, तर पद्मिनीचे १०८९ सी.सी.चे व सुमारे ४० अश्वशक्तीचे. मात्र अँबॅसिडरचे वजन ११०० किलो, पद्मिनीचे सुमारे ९०० किलो. भागाकार केल्यास दोन्हीकडे एका अश्वशक्तीच्या वाट्याला साधारण २२ किलोच येतात! तेव्हा खानवेलच्या चढावर मोठे इंजिन फार पुढे काढील, असे नाही. अँबॅसिडरला पुढे इसुझूचे अधिक शक्तीचे इंजिन आले. म्हणून गाडीत कोणते इंजिन आहे, हे प्रथम पाहावे.

खरा फरक चालविताना जाणवतो. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अँबॅसिडरमध्ये सुमारे २.४६ मीटर, पद्मिनीत २.३४ मीटर. त्यामुळे लांबच्या खडबडीत रस्त्यावर जड अँबॅसिडर स्थिर वाटते. अरुंद गल्लीत व गर्दीत आटोपशीर पद्मिनी लवकर वळते. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी पद्मिनीच पसंत केली आणि ऑक्टोबर २०२३ पर्यंत ती तेथे टॅक्सी म्हणून धावली.

दोहोंतही इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळते. मागची बाजू रिकामी असताना ओल्या वळणावर वेग वाढविल्यास ती घसरू शकते. जुन्या गाड्यांच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असतात. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ते नीट धरीत नाहीत. थोडे अंतर हलकेच ब्रेक दाबीत जाऊन ते वाळवावे लागतात. आपल्याकडील पावसाळ्यात ही गोष्ट जिवाशी संबंधित आहे.

वाणिज्याच्या भाषेत बोलावयाचे तर घसाऱ्याने मोटारीची वहीतील किंमत शून्यावर येते, खर्च मात्र शून्यावर येत नाही. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी तपासणी करून नव्याने घ्यावी लागते व पुढे दर ५ वर्षांनी तेच. म्हणून कागदपत्रे, गंजलेला पत्रा, ब्रेक व सुटे भाग यांचा खर्च किंमतीत मिळवावा आणि मगच सौदा करावा. मोठे कुटुंब व लांबचा प्रवास असेल तर अँबॅसिडर, गावातील ये-जा असेल तर पद्मिनी, हा निष्कर्ष योग्य वाटतो.